दुपारी पाठ टेकू नये

१ ऑगस्ट २०२३, मंगळवार. कोनाळवाडी.

पोचलो एकदाचे. नांदेडहून सकाळी सातला टेम्पो निघाला. लोहा, कंधार, जांब करत अकराला इथे. अप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे गादी, चाकाची खुर्ची, गॅसची टाकी आणि दोन बॅगा यांच्यात. सामान उतरवायला अख्खी गल्ली धावली. कोणी गादी घेतली, कोणी थेट अप्पांनाच उचललं. नांदेडला आम्ही तीन मजले चढायचो तेव्हा शेजारच्यांनी कधी दार उघडून पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला जरा भरून आलं.

घर जनावरांच्या दवाखान्याला लागूनच आहे. दोन खोल्या, न्हाणी, पुढे ओटा, ओट्यावर लिंबाची सावली. आणि मुख्य म्हणजे जिना नाही. बदलीच्या अर्जात मी 'वडिलांचे आजारपण' असं लिहिलं होतं, खरं कारण जिना. अर्धांगवायूनंतर दोन वर्षं अप्पांनी आभाळ खिडकीतूनच पाहिलं. आज खुर्ची ओट्यावर ठेवली, तर तासभर लिंबाकडे बघत बसले. मग डाव्या हाताने पाटीवर लिहून दाखवलं, 'छान'. उजवी बाजू गेली, जीभ गेली, पण माणूस सदतीस वर्षं विज्ञानाचा मास्तर होता. पाटी-खडू काही सुटला नाही.

दवाखान्याचा परिचर भुजंग इथलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. शेजारच्या केवळाबाई सत्तरीच्या, येसराची आमटी आणि भाकरी घेऊन आल्या. मला डॉक्टर म्हणावं की मॅडम, या पेचात होत्या. मी म्हटलं, मी पशुधन पर्यवेक्षक, नाव महामाया, काहीही म्हणा. त्यांनी 'माय' ठरवून टाकलं.

कार्यालयाला द्यायची दैनंदिनी वेगळी, ही वही माझी. म्हणून पहिल्याच पानावर खरं लिहून ठेवते. मला सलग आठ तास झोप हवी आहे. रात्री दर दोन तासांनी अप्पांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन वर्षं हेच. मी चौतीस वर्षांची आहे आणि आरशात मला माझी आत्या दिसते.

४ ऑगस्ट, शुक्रवार.

हे गाव दुपारी झोपत नाही. मराठवाड्यात! पावसाने ओढ दिलेली, ऊन चैत्रासारखं, आणि बारा वाजता गल्लीत माणसं टक्क जागी. बाजा भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या. पारावर म्हातारे बसलेत, पण आडवं कोणी नाही. शेतातल्या बायका भाकरी खाऊन बांधावर बसतात, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून.

मी भुजंगला चिडवलं, की तुमच्या गावाचा सत्कार करायला पाहिजे. तो हसला नाही. 'दुपारच्याला पाठ टेकू नी मॅडम. सावली पायाखाली आली की बसून ऱ्हायाचं,' म्हणाला. मला वाटलं, जुनी काहीतरी शिस्त असेल.

केवळाबाईंनी तर माझी हजेरीच घेतली. मी दौऱ्यावर गेल्यावर अप्पा एकटेच पडून असतात का? तसं चालायचं नाही म्हणाल्या. 'म्या येऊन बसत जाईन, माय. त्यांना बी बसतं ठिवीन.' अकराला येतात, अप्पांना उशा लावून खुर्चीत बसवतात आणि तीनला जातात. बदल्यात चहासुद्धा घेत नाहीत. अशी माणसं अजून आहेत, यावर माझा विश्वास उडत चालला होता.

१० ऑगस्ट, गुरुवार.

काल हणमंतरावांचा म्हातारा बैल मेला. हणमंतराव म्हणजे गावातले जाणते, वीस जनावरांचे धनी. मी जळकोटला बैठकीला होते. परत येईपर्यंत त्यांनी स्वतः ट्रॅक्टर लावून बैल माळावर नेऊन टाकला होता, दावं सोडून. इथे ज्याचं जनावर त्यानेच न्यायचं, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

मरणाचं कारण बघावं म्हणून आज सकाळी भुजंगला घेऊन माळावर गेले. बैल नाही. कातडं नाही, हाड नाही, शिंग नाही, खूर नाही. कुत्रं नाही, कावळा नाही, वासही नाही. फक्त कोठीपोटातला अर्धवट चघळलेला कडबा, पाटीभर, ओला ढीग करून ठेवल्यासारखा. मी बारा वर्षं जनावरं फाडते आहे. तीनशे किलोचा बैल एका दुपारीत असा कोणी खात नाही. गिधाडं होती तेव्हा तीही सांगाडा ठेवायची.

भुजंगला विचारलं तर म्हणाला, 'वाटेकरी हाय त्याचा. दिलं की गप ऱ्हातो.' वाटेकरी म्हणजे तडस, लांडगा, काय ते सांगेना.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं. 'पड' हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा बदलला. गावचं मेलेलं जनावर, म्हणजे पड, ओढायचं काम आमच्या आजोबांच्या वाट्याला होतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आजोबांनी ते सोडलं आणि गावाने वर्षभर आमच्या लोकांचं पाणी बंद केलं. अप्पा तेव्हा सात वर्षांचे होते. पुढे ते मास्तर झाले आणि दरवर्षी वर्गात अन्नसाखळीचा तक्ता टांगायचे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मग विचारायचे, माणूस कुठे? पोरं ओरडायची, सगळ्यांच्या वर. अप्पा म्हणायचे, वर कोणी बसवलं त्याला? ज्याने तक्ता काढला त्यानेच ना?

आज पाटीवर त्यांनी तेवढंच लिहिलं, 'माणूस कुठे?' आणि डावीकडून हसले.

१९ ऑगस्ट, शनिवार.

लम्पी आला. आठ दिवसांत चौदा जनावरं आजारी, तीन मेली. अंगभर गाठी, डोळ्यांतून पाणी, बिचारी उभीही राहत नाहीत. गोठे फवारते, लस टोचते, सलाईन लावते. रात्री अप्पा. काल मोटारसायकलवर बसल्या बसल्या डोळा लागला आणि बांधावर आपटले.

वरून आदेश आहे की मेलेलं जनावर उघड्यावर टाकायचं नाही. आठ फूट खड्डा, चुना, मीठ, वर माती. गाव आडवं आलं. हणमंतराव हात जोडून म्हणाले, 'दोन पुरा, येक आमाला माळावर टाकू द्या. आमचं बी ऐका थोडं.' मी कायद्याचं कलम वाचून दाखवलं. रोग पसरला तर गावात शेपूट राहणार नाही, हेही सांगितलं. जेसीबी आणून तिन्ही पुरून घेतली, खड्ड्याशी उभी राहून फोटो काढला आणि कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला. साहेबांचा अंगठा आला.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आजोबांनी जे खांद्यावर ओढलं ते आज यंत्र ओढत होतं आणि हुकूम माझा होता. कोणाला सांगायचं नाही, पण बरं वाटलं.

२९ ऑगस्ट, मंगळवार.

एकूण अकरा पुरली. आता रोग आवरला आहे. लस लागू पडली, बरीचशी उठून चारा खाऊ लागली. साहेब म्हणाले, तालुक्यात तुमचं काम उत्तम. मला मान हलवायचीसुद्धा ताकद नव्हती.

एक गोष्ट. कुत्री दिसत नाहीत. दुपारपासून गल्लीत भुंकणं नाही. मी आधी खूश झाले, अप्पांची झोप मोडायची. आज शाळेच्या भिंतीच्या सावलीत, जिथे ती दुपारी पसरलेली असायची, तिथे ओंजळ-ओंजळभर काहीतरी पडलेलं दिसलं. चार ठिकाणी. शिळी भाकरी, शेवया, चिंध्या. कुत्र्यांच्या पोटातलं.

२ सप्टेंबर, शनिवार.

रेवणप्पांची कालवड. चार महिन्यांची, लम्पीतून उठत होती. अकराला मी स्वतः सलाईन लावलं, कुशीवर आडवी पडली होती, पण कान हलवत होती. दीडला गेले तर दावं खुंट्याला तसंच, गळ्याचा फास गाठीसकट तसाच. सलाईनची नळी लोंबत होती आणि सुई कोरडी होती. खाली दह्यासारखं साखळलेलं दूध, वाटीभर.

ती जिवंत होती. हे मी इथे लिहून ठेवते, कारण कार्यालयाच्या दैनंदिनीत 'मृत' लिहिलं.

भुजंगला दवाखान्यात बसवलं आणि म्हटलं, आता सांग. तो खाली बघत म्हणाला, आमच्या आज्या-पणज्यांपासून आहे. त्याला मेलेलं आन निजलेलं सारखंच. पाठ नाहीतर कूस भुईला टेकली की त्याचं. उभ्याला, बसलेल्याला हात लावत नाही. रात्री येत नाही. गिधाडंही रात्री कुठे उतरायची? भर उन्हात येतो. माळावर पोट भरलं की गावात शिरत नाही. 'तुमी माळ बंद केला, मॅडम,' एवढंच म्हणाला. रागाने नाही. मलाच ओरडून बोलावंसं वाटलं, की हे मला पहिल्या दिवशी का सांगितलं नाहीत. पण सांगितलं असतं तर मी हसले असते. आणि कलम वाचलं असतं.

३ सप्टेंबर, रविवार.

एक खड्डा उघडला. स्वतःच्या हुकुमाविरुद्ध, सकाळी सहाला. हणमंतरावांनी गाय माळावर नेली. दुपार गेली. गाय तशीच आहे, चुन्याने पांढरी. माशीसुद्धा बसली नाही. खारवलेलं खात नाही तो.

दैनंदिनीत लिहिलं, 'खड्ड्यांची पाहणी केली.'

६ सप्टेंबर, बुधवार.

केवळाबाई गेल्या.

काल शिक्षक दिन. अप्पांच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला होता, तो त्यांनी कानाला लावून नुसता ऐकला. केवळाबाई शेजारी बसून हसत होत्या. अंगात कणकण होती त्यांच्या, मी गोळी दिली. घरी जा म्हटलं, तर म्हणाल्या, मास्तर एकटे राहतील.

आज लसीकरण उरकून साडेबाराला आले. अप्पा खुर्चीत ताठ. त्यांच्या पायाशी चटई. चटईवर बांगड्या, हिरव्या, सगळ्या अख्ख्या. डोरलं. आणि अंबाडीची भाजी, भाकरीचा चोथा. मी दिलेली गोळी, अर्धी विरघळलेली.

अप्पांनी पाटी मांडीवर ओढली. त्यांनी लिहिलं, 'ती जरा टेकली.' पुसलं. 'ऊन जाड झालं.' पुसलं. 'मलाही पाहिलं त्याने. मी बसलेलो.'

मी रडले नाही. चटई धुतली. मग न्हाणीत बसून रडले.

७ सप्टेंबर, गुरुवार.

पोलीस आले, बेपत्ता म्हणून लिहून घेतलं. केवळाबाईंचा लेक पुण्याला असतो, तो आला आणि माझ्या पाया पडून गेला. आईला शेवटी सोबत होती म्हणून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

माझा भाऊ प्रीतमही पुण्यालाच. त्याला फोन केला, अप्पांना घेऊन जा. सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताई, तू किती दिवस झोपली नाहीस? चौदा तारखेला सुट्टी आहे, गाडी घेऊन येतो, तोवर जरा झोप काढ.

सगळे मला हेच सांगतात.

८ सप्टेंबर, शुक्रवार.

अकरा ते तीन अप्पांना खुर्चीत बांधते. माझ्या ओढणीने, छातीशी. ते घसरतात, मी सावरते. समोर स्टुलावर बसते. पाठीला टेकू घेत नाही. ओरडून पाढे म्हणते.

संध्याकाळी हणमंतराव आले, सोबत चौघे. अप्पांची तब्येत विचारायला. चहा घेतला. मास्तरांचं वय किती? जेवण जातं का? 'लई हाल होऊन राहिले त्यांचे,' म्हणाले. 'तुमचे बी. तुमी तर वाळून गेल्या, मॅडम.' आवाजात खरी माया होती. जाताना खुर्चीच्या उंचीचा अंदाज घ्यावा तसं एकाने अप्पांकडे पाहिलं.

ते गेल्यावर भुजंगकडून काढून घेतलं. बहात्तरच्या दुष्काळात जनावर उरलं नव्हतं. तेव्हा माळावर कोणाला नेलं? तो म्हणाला, जे अंथरुणाला होते त्यांना. सगळ्यांच्या घरचे का? त्याने चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, न्हाई. वेशीभायेरच्यांचे.

अप्पा ऐकत होते. पाटीवर लिहिलं, 'तक्ता तोच.'

१० सप्टेंबर, रविवार.

प्रीतमची वाट बघायची नाही असं ठरवलं. जळकोटहून जीप सांगितली होती, सकाळी सातची. बाराच्या आत उदगीर गाठायचं. अप्पांना कपडे घातले, बॅग भरली, ओट्यावर बसलो. सात. आठ. दहा. फोन केला तर जीपवाला म्हणाला, तुमच्याच गावचे लोक फाट्यावर भेटले, मॅडमचा बेत फिरला म्हणाले.

भुजंगने डोळे वर केले नाहीत. गाव सोडणार नाही आम्हाला. मला सोडेल. एकटीला आत्ता सोडेल, हणमंतराव स्वतः फटफटीवर एसटीला पोचवतील.

मी हिशेब मांडला, जनावरांच्या डॉक्टरला दुसरं काय येतं. बैल तीनशे किलो, वीस दिवस गप्प. म्हणजे दिवसाला पंधरा. केवळाबाई पंचेचाळीस, तीन दिवस. सहा तारखेला गेल्या. नऊ तारखेला संपलं. म्हणजे आजपासून—

अप्पा बेचाळीस किलो. मी अठ्ठावन्न.

लम्पीतून वाचलेलं जनावर माळावर द्यायला कोणी तयार नाही, गाव त्याच हिशेबाने आमच्याकडे बघतंय. मी बैलाचं वजन छातीच्या घेरावरून काढते तसं.

११ सप्टेंबर, सोमवार.

आज आला होता. पावणेबाराला चिमण्या गप्प झाल्या. ओट्यावरचं ऊन— अप्पांनी लिहिलं तेच खरं. जाड. तुपासारखं, गोठत आलेलं. उंबऱ्यातून आत आलं, फरशीवरून, सावकाश. अप्पांच्या पायाशी थांबलं, माझ्या पायाशी थांबलं. वास नाही. आवाज नाही. फक्त माझं वजन कोणीतरी करतंय असं—

मी साताचा पाढा म्हणत होते. अप्पांचं डोकं कलत होतं. मी त्यांच्या गालावर मारलं. जन्मात पहिल्यांदा. दोनदा.

अडीचला गेला.

अप्पांनी माझा हात धरून ठेवला. लिहिलं, 'तू थकलीस.' मी म्हटलं, नाही. लिहिलं, 'मी मास्तर आहे. खोटं कळतं.'

रात्रीही झोप नाही. कूस. दोन तास. कूस.

१२ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळ.

नीट लिहायचा प्रयत्न करते. प्रीतमला हे वाचावं लागेल.

सकाळी अकराला अप्पांना वरण-भात भरवला. सगळा खाल्ला. रोज चार घास खातात, आज ताट पुसलं. खुर्चीत बसवलं, ओढणी बांधली. दोन गाठी. मी स्टुलावर. सहाचा पाढा. साताचा. सात साता एकोणपन्नासपर्यंत आठवतं.

जाग आली तेव्हा मी फरशीवर होते. आडवी. पाठ टेकलेली. घड्याळात साडेतीन. अंग हलकं, डोकं स्वच्छ. दोन वर्षांत अशी झोप लागली नव्हती. पहिला विचार तोच आला, की काय गाढ झोप लागली. हे मी लपवणार नाही.

खुर्ची रिकामी. ओढणी खाली. दोन्ही गाठी सोडलेल्या. एका हाताने, डाव्या. त्यांना सदऱ्याचं बटणसुद्धा काढता येत नव्हतं.

ते दाराकडे सरकले होते. माझ्या आणि उंबऱ्याच्या मध्ये आडवे झाले होते. तिथे वरण-भात होता. मी भरवलेला, तेवढाच.

आणि माझ्या उशाशी पाटी, दाराकडे तोंड करून, भिंतीला टेकवून ठेवलेली. त्याला दिसावी अशी. ठळक अक्षरात, शुद्धलेखनासकट.

'झोपली आहे. मेली नाही.'

१३ सप्टेंबर, बुधवार.

स्टीलच्या डब्यात भरलं. मातीला द्यायला एवढंच आहे.

गाव आलं. पुरुष खाली मान घालून. बायका रडल्या, खऱ्या रडल्या. हणमंतराव म्हणाले, मास्तर देवमाणूस. मी म्हटलं, माणूस. नुसतं माणूस म्हणा. ते गेले.

प्रीतमला फोनवर काय सांगू? उद्या ये. दोनला पोचतो म्हणाला. पोळा असल्यामुळे गर्दी असेल म्हणाला.

पाढे म्हणत बसले. तो आला नाही. पोट भरलंय.

१४ सप्टेंबर, गुरुवार. पोळा.

लम्पीमुळे बैलांची मिरवणूक नाही. हा माझाच आदेश. घरोघरी गोठ्यातच ओवाळलं. भुजंगने पुरणपोळी आणून ठेवली, उंबऱ्याबाहेर. आत आला नाही.

पावणेबारा. स्टुलावर आहे. डबा मांडीवर. पाटी पुसली नाही.

हिशेबाने भीती नाही. बेचाळीस भागिले पंधरा, पावणेतीन दिवस. उद्यापर्यंत. प्रीतम दोनला येतो. दोन तास. दोन तास तर कूस बदलायलाही—

हात जड. पेन सुटतंय. घरात कोणी नाही आता, उठवायचं कोणाला. कूस कोणाची. आयुष्यात पहिल्यांदा कोणाची वाट—

बेचाळीस हे नांदेडच्या दवाखान्यातलं. आजारपणाच्या पहिल्या आठवड्यातलं. त्यानंतर वजन केलंच नाही मी. जनावरांची करत होते. उचलताना हलके लागायचे. दर महिन्याला हलके. मला वाटायचं, सवय झाली मला.

किती असतील. तीस?

तीस भागिले पंधरा.

चिमण्या गप्प.

ओट्यावर ऊन. बसले आहे मी. ताठ. सात एके सात. सात दुणे चौदा. प्रीतम, दारातून आत येऊ नकोस, आधी हाक— सात त्रिक— डोळे नाही मिटत. पाठ नाही. नुसती भिंतीला. भिंत म्हणजे भुई नाही. जरा, पाटी इकडे दाराकडे करून, जरा